भोम्बोल, मी आणि तोच एसराज

प्रिय तितिर,

तुझा अस्वलाचा माहितीपट क्लबात दाखवला. अख्खं शालडांगा रडलं. शेजारची रेबा पदर पिळायच्या बेतात होती. "बुलू, आता आठवडाभर घास उतरायचा नाही गं," म्हणाली, आणि बाहेर येऊन कोपऱ्यावर पाणीपुरीसारखा फुचका खाल्ला, वर तिखट वाढवून. भोम्बोलला रानातल्या मोठ्या कुंपणात हलवावं म्हणून तिने सही केली. मीही केली.

पण तुझी कारागिरी बघ. भोम्बोल फाटकाकडे पाहतो, लगेच तू धुक्यातलं रान दाखवतेस आणि खाली एसराजाच्या तारा रडायला लागतात. लोकांना वाटतं, बिचाऱ्याला रान आठवलं. अगं, तो जन्मला त्याच पिंजऱ्यात. त्या फाटकातून त्याला सांभाळणाऱ्या हाराधनची सायकल येते, हँडलला गुळाची पिशवी टांगलेली. संध्याकाळी कुलूप लावताना हाराधन म्हणतो, "आशि रे, भोम्बोल." त्या साध्या 'येतो रे'खाली तू इंग्रजीत लिहिलंस, "मी नक्की परत येईन." वर निवेदकाचा जड आवाज: रोज एक वचन, रोज एक ताटातूट. तितिर, तू बंगाल्याच्या पोटची. 'जातो' हा शब्द आपल्यात मेलेल्यांसाठी राखून ठेवलाय. जिवंत माणूस कोपऱ्यावर विडी आणायला निघाला तरी 'येतो' म्हणूनच उठतो. हाराधन मला म्हणाला, "दिदी, मी एवढा मायाळू आहे हे पडद्यावर कळलं. बायकोला दाखवायला पाहिजे."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मग घरच्या ग्रुपवर माझाच माहितीपट आला. पूजेला आलीस तेव्हा तू खालच्या गल्लीतून तो घेतलास, हे मला कुठे ठाऊक? खिडकीचे गज, गजांमागे मी, आणि खाली तोच एसराज. निदान वाद्य तरी बदलायचंस. सिलिगुडीहून माझ्या भावाचा, मेजदाचा फोन: "बुलू, जेवतेस ना नीट?" रेबाने वाटीभर शुक्तो, कारल्याची कडसर भाजी, आणून दिलं आणि माझ्याकडे भोम्बोलसारखं पाहिलं. मी सगळ्यांना ठणकावलं, मी मासेवाल्याची वाट पाहत होते. पाबदा मिळतात त्याच्याकडे, वेळेवर हाक मारली नाही तर दत्तांची सून सगळे उचलते. आईला बंगळुरूला स्वतःकडे न्यायचं तर सरळ विचारावं, गावाला रडवून नव्हे.

रागाच्या भरात एक गोष्ट केली. दोन्ही चित्रं आवाज बंद करून पाहिली. म्हटलं, बघू एसराजाशिवाय काय उरतं. भोम्बोल तरीही येरझाऱ्या घालत होता. त्याच भिंतीपाशी जायचा, तिथेच मान झटकायचा, वळायचा. ते तू घातलेलं नव्हतं. मग माझं लावलं. बाई गजांमागे उभी. टोपली घेऊन मासेवाला येतो, खिडकीखाली क्षणभर थांबतो, पुढे निघून जातो. मी त्याला हाक मारत नाही. तो गेल्यावरही तशीच उभी आहे. तुझ्या बाबांची सायकल ज्या वळणावरून यायची, तिकडे बघत.

सह्यांनंतर भोम्बोलला रानात हलवलं, तेव्हा हाराधन गूळ घेऊन त्याला भेटायला गेला होता. भोम्बोलने हात हुंगला, गूळ चाटला आणि वारूळ उकरायला निघून गेला. "मेल्याने वळूनही पाहिलं नाही, दिदी," म्हणत हाराधन हसला. मग बराच वेळ सायकलची घंटी पुसत बसला.

तर तिकीट काढ. थंडी संपेपर्यंत राहीन, पुढचं पुढे. स्वयंपाकघर माझं, आणि तिथे माशांना नाक मुरडायचं नाही. माझ्यावर कॅमेरा धरलास तर त्याच पावली परत फिरेन. दाराला कुलूप लावताना रेबा रडेल आणि मी तिला म्हणेन, "आशि." त्याचा अर्थ काय ते मलाही अजून नक्की माहीत नाही. तेव्हा त्याच्याखाली तू काही लिहू नकोस.

तुझीच, अजून गजांमागचीच,
मा