सात नावं, त्यात मी नाही

४ मार्च, सकाळी ७
नातीचा संशोधनाचा पेपर छापून वर्ष झालं, मला आज दाखवला. सात नावं छापली, माझं नाही. नातीचं पहिलं, तिच्या साहेबांचं शेवटचं, मधे पाच. त्यातला एक तर नुसता बीपीची मशीनं पोचवायला यायचा. आणि सोसायटीतल्या नऊ म्हाताऱ्यांच्या वह्या सहा महिने सांभाळल्या कोणी? खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'सहभागी ज्येष्ठांचे आभार'. मी म्हणजे ज्येष्ठ!
बरं, नमस्कार वही. तू त्याच अभ्यासातली उरलेली. सकाळ-संध्याकाळ बीपीचे रकाने आहेत तुझ्यात. ते कोरेच राहतील.

६ मार्च
नात डॉक्टर आहे, पण सुई टोचणारी नव्हे, संशोधनातली. जेवणानंतर वीस मिनिटं चाललं की म्हाताऱ्यांचं बीपी उतरतं, असा तिचा पेपर. आता नोकरी पक्की व्हायची तर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखांत त्याचा उल्लेख करायला हवा. त्याला सायटेशन म्हणतात. जूनपर्यंत तीस हवीत. आहेत अकरा. ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावरचीला दीडशे.
सूनबाई म्हणाली, तिला आकडा विचारू नका. मी नाहीच विचारला. फक्त म्हटलं, अकराच? ती ताटावरून उठली. हल्लीच्या मुलींना काही सोसत नाही.
संकल्प: तीस मी करून दाखवीन.

९ मार्च
आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन. म्हटलं, एखादा लेख लिहा आणि त्यात आमच्या नातीचं नाव घाला. ते म्हणाले, आजी, गोळी घेता ना वेळेवर? विषय बदलण्यात पटाईत.

१७ मार्च
टॅबवर तिचा पेपर चाळीस वेळा उघडला. अकराच. मुलगा म्हणाला, आई, उघडून वाढत नाहीत, कोणीतरी लिहावं लागतं. हे चाळिसाव्या वेळेआधी सांगायला काय झालं होतं?

२ एप्रिल
चौदा! डॉक्टरांनी मनावर घेतलेलं दिसतंय.

२० एप्रिल, दुपारी
खाली बाकावर दुसऱ्या मजल्यावरची सगळ्यांदेखत म्हणाली, आपण चाललो कधी गं? लिफ्ट बंद, गुडघे धरलेले, मशीन तर माझ्या कपाटातच होतं.
तिला गप्प बसवली.
चालायची इच्छा होती ना सगळ्यांची? झालं तर. वह्या मी भरल्या, चार निरनिराळ्या पेनांनी. आकडा रोज थोडाथोडा खाली आणला, एकदम नाही. चौथी शिकले असले तरी अक्कल आहे मला. त्या वर्षी पोर रडवेली होऊन फिरत होती. तिच्या हातात कोऱ्या वह्या ठेवायच्या होत्या का?
तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई मधेच वारल्या. त्यांचीही वही मी पुरी केली. अर्धवट काम मला खपत नाही. सगळ्यांत छान बीपी त्यांचंच उतरलं.

१२ मे
सव्वीस.

२६ मे
अठ्ठेचाळीस! जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. नातीला फोन केला, म्हटलं, बघ, आजी बोलली ते झालं की नाही? तिने फोनच ठेवला. आनंदाने वाचा बसली असणार.
मुलाला सांगितलं, पेपर छापणाऱ्या मासिकाला पत्र टाक, आठवं नाव आईचं घाला म्हणावं. तो म्हणाला, बघू. त्याचं बघू मी पन्नास वर्षं बघतेय.

३ जून, संध्याकाळी
नात आली. चहाही घेतला नाही. म्हणाली, आजी, उल्लेख करणारे ते सगळे लिहितात की आम्ही हेच करून पाहिलं, बीपी उतरत नाही, या पेपरवर विसंबू नका. मी म्हटलं, लिहितात ना? मग मोजा की.
मग तिने विचारलं, सहा नंबरची वही कोणाची? त्या बाई चौदा तारखेला गेल्या. पंचवीसपर्यंत रोज दोनदा बीपी कोणाचं घेतलं?
मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल.
तिने टेबलावरच्या माझ्या चार पेनांकडे पाहिलं. ओरडली असती तर मीही ओरडले असते. ती चपला घालून निघून गेली.

५ जून, सकाळी
नातीला मासिकाचं पत्र आलंय. वह्या कोणी भरल्या, आठ दिवसांत कळवा. तिच्या नोकरीचा कागद तोवर बाजूला ठेवलाय म्हणे.
सूनबाई दारात उभी राहून म्हणाली, आई, तुम्हीच सांगून टाका ना एकदा. तुमचं कोण काय वाकडं करणार? पोरीचं सगळं जाईल.
आज मशीन लावलं. वरचा आकडा एकशे नव्वद. रकान्यात एकशे चोवीस लिहिला.
मी का सांगू? सात नावं आहेत, त्यात माझं दाखवा. मला विचारून छापलं होतं? पेपरवर पहिलं नाव नातीचं. उत्तर तिनेच द्यायचं.