थंड इंजिन

१२ ऑगस्ट

...कोंबड्यांना दाणे घातले, थर्मास धुऊन उपडा ठेवला, नवऱ्याचे, मायलोचे निळे कपडे दोरीवर टाकले. एक मोजा मिळेना म्हणून त्याच्यावर चिडले. त्या सकाळी केलं ते एवढंच. मग अंड्यांची टोपली हातात असताना फोन वाजला. मायलो डिझेल भरायला थांबला होता, ट्रकच्या सीटवर बसल्या बसल्याच गेला.

दोन वर्षं झाली. कंपनीने दुसऱ्याच दिवशी नवा ड्रायव्हर पाठवून तो ट्रक नेला — माल वेळेत पोचायला हवा होता! मायलोचे बूट आणि चष्मा मला प्लास्टिकच्या पिशवीत मिळाले.

आज हे सगळं वर आलं ते धान्यकोठाराच्या मॅनेजरमुळे. म्हणाला, "व्हर्ना, वीस सप्टेंबरला मक्याचा हंगाम सुरू होतोय. तोवर स्वतःचा ट्रक आण, वाहतूक तुझी. ट्रेलर आमचे. नाही जमलं तर लिंकन शहरातले ट्रकवाले तयार बसलेत."

ट्रकचं लायसन अकरा वर्षांपासून आहे. कोठाराचे ट्रक चालवलेत. विकत मात्र कधी घेतला नाही. मायलोच्या विम्याच्या पैशात एक जुना ट्रक येईल. फसले तर दुसरा नाही.

१५ ऑगस्ट

वाचनालयातून डिझेल इंजिनाचं पुस्तक आणलं. बाई म्हणाली, "हे तिसऱ्यांदा नेतेयस." नेते! शाळा अर्धी सोडली ना, म्हणून मला सगळं दोनदा वाचावं लागतं. पण मग ते डोक्यातून जात नाही.

१९ ऑगस्ट

लुमीरला घेऊन ट्रक बघायला लिंकनला गेले. लुमीर म्हणजे मायलोचा थोरला भाऊ, चाळीस वर्षं मेकॅनिक. विक्रेत्याने हात चोळत सांगितलं, "एकाच मालकाचा, ताई. लोण्यासारखा चालतो." लुमीर खाली घुसला आणि तिथूनच ओरडला, "चासीला ताजा रंग कशाला फासलाय रे? पावडर लावून लग्नाला निघालीय का ही?" रंगाखाली वेल्डिंग होतं, तुटलेला सांगाडा जोडलेला. परत आलो.

२३ ऑगस्ट

दुसरा ट्रक. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि भोकावर उलटं ठेवलं. स्थिर राहिलं तर ठीक. हे उडायला लागलं. "पोल्का नाचतंय बघ," लुमीर म्हणाला. म्हणजे इंजिन आतून झिजलेलं.

विकणारा म्हणाला, "बाईमाणसाने एवढं खोलात जाऊ नये." मी म्हटलं, "बाईमाणसाचेच पैसे आहेत."

घरी येऊन मात्र पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं.

२७ ऑगस्ट

इर्मा वेसेलचा ट्रक! तिचा नवरा हार्लन गेल्या वर्षी जूनअखेर वारला. ट्रक त्याने नवा घेतलेला, दुसऱ्या कोणी चालवला नाही. प्रत्येक दुरुस्तीची पावती बुटांच्या खोक्यात आहे. इर्मा आता मुलीकडे राहायला जातेय. फोनवर तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, इंजिनच्या कॉम्प्युटरमधली माहिती काढायला माणूस पाठवते. ती म्हणाली, पाठवा. दुसरी, शनिवारी सकाळी आम्ही येईपर्यंत ट्रक सुरू करायचा नाही. इंजिन गार असतानाच त्याचं खरं दुखणं कळतं. आधीच तापवून ठेवलं तर काहीही लपतं.

"अजिबात नाही?" तिने विचारलं. मग "बरं" म्हणाली.

३० ऑगस्ट

सातला पोचलो. ट्रक पाहून माझं मन एकदम बसलं त्याच्यावर. गडद हिरवा, स्वच्छ, मिरवण्यासाठी चमकवलेला नाही. लुमीरने बॉनेट उघडून हात लावला. माझ्याकडे पाहिलं. "अंडं तळून निघेल."

इर्मा पायरीवर उभी होती. मी विचारलं, "सुरू केला होता?"

"नाही."

"इंजिन गरम आहे, इर्मा."

"नाही केला मी."

खोटं, तेही तोंडावर! मला काय झालं कोण जाणे. दोन आठवडे सगळे मला वेडी समजून बोलत होते, आणि आता हिनेही तेच करावं? मी म्हटलं, "नवरा गेला म्हणजे लोकांना फसवायची मुभा मिळत नाही. माझाही गेलाय."

ती आत गेली, दार लावलं.

लुमीर तरीही बाटलीत थोडं ऑइल काढून घेऊन आला. "तपासायला पाठवतो. काय लपवतेय ते तरी कळेल."

३ सप्टेंबर

अजून एक ट्रक पाहिला. नको.

५ सप्टेंबर

कॉम्प्युटरचे कागद आले. वेसेलच्या ट्रकचे. टाकूनच देणार होते, पण छापलेलं काही असलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही.

ट्रक चौदा महिन्यांत एक मैलसुद्धा हललेला नाही. इंजिन मात्र दोनशे नव्वद तास चाललंय. रोजची नोंद आहे. सुरू — चार पन्नास. बंद — साडेपाच. रविवार, नाताळ, बर्फ पडलेले दिवस, सगळे. तीस ऑगस्टला तर मी "सुरू करू नको" सांगितलं होतं. हे कागद त्याच्या आदल्या दिवशीपर्यंतचेच. पण त्या सकाळी काय झालं असेल ते आता कागदाशिवायही कळतं.

पहाटे चार पन्नासला कोण कशाला ट्रक सुरू करेल, विकायचा म्हणून? चौदा महिने?

मी काय बोलले तिला!

६ सप्टेंबर

लुमीरला कागद दाखवले. तो म्हणाला, "नुसतं उभं ठेवून इतकं चालवलं? धुराचा फिल्टर काजळीने गच्च झाला असेल. ऑइलचा अहवालही आलाय — थोडं डिझेल उतरलंय. बाकी पाणी नाही, लोखंडाचा कीस नाही. आतून ठणठणीत आहे." मग चष्मा काढून कागद परत पाहिला. "रोज?"

"रोज."

८ सप्टेंबर

जायचं म्हणून निघाले, अर्ध्या वाटेतून परत आले.

९ सप्टेंबर

गेले. तिने दार उघडलं तेव्हा मी म्हटलं, "त्या दिवशी मी वाईट बोलले. कारण आता कळलं." कागद पुढे केले. तिने चार पन्नासवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

"कॉम्प्युटर एवढं लिहून ठेवतो?"

"हो."

"मला वाटलं, कुणालाच माहीत नाही." मग कॉफी ओतत, माझ्याकडे न बघता, "त्याच्या सीटवर नाही बसत मी. मी शेजारच्या सीटवर. तिथूनच हात लांब करून किल्ली फिरवते. रोज पहाटे इंजिन तापेपर्यंत मी अशीच शेजारी बसायचे; हार्लन डबा बघायचा, काय दिलंय म्हणून नावं ठेवायचा... त्या दिवशी ठरवलं होतं, आज नाही जायचं. तू सांगितलं होतंस ना. पाच वाजेपर्यंत थांबले. नाही जमलं. मग तुला काय सांगू? तुला सांगण्यापेक्षा चोर ठरणं बरं वाटलं."

"मग विकतेयस कशाला?"

"हे थांबत नाही म्हणूनच."

मी ट्रक घेते म्हणाले. तिने मान डोलावली. मला आनंद व्हायला हवा होता. कंपनीने मायलोचा ट्रक नेला तसाच मी हा नेणार!

१५ सप्टेंबर

लुमीर इर्माच्या अंगणातच काम करतोय. ऑइल बदललं, फिल्टर साफ करायला नेलाय. आज सांगत होता, "पहाटेच पोचलो मी. ती कोट घालून आली. विचारलं, सुरू करू का? मी म्हटलं, फिल्टर बसवलेला नाही, नको. ती तशीच उभी. मग मीही उभा राहिलो. काय करणार?"

१८ सप्टेंबर

साफ केलेला फिल्टर बसला. गार इंजिन सुरू करून पाहिलं. किल्लीच्या पहिल्या फेरीत सुरू झालं. झाकण उलटं ठेवलं, हललं नाही. वीस मैल फिरवला. ब्रेक, गियर, सगळं नीट. लुमीर म्हणाला, "मायलोनेही हाच घेतला असता." त्याने उगाच म्हटलं असेल. पण म्हटलं.

१९ सप्टेंबर

सह्या झाल्या. किल्ली देताना इर्मा म्हणाली, "मी झोपलेली असताना ने. मला बघायचं नाही." मी "बरं" म्हटलं.

२० सप्टेंबर

पावणेपाचला पोचले. इर्मा कोट घालून पायरीवर बसलेली. मी तिच्या बाजूचं दार उघडलं. ती चढली, मी हार्लनच्या सीटवर बसले; तिने हात लांब केला, मी किल्ली तिच्या हातात दिली. तिने इंजिन सुरू केलं आणि ते तापेपर्यंत दोघी बसलो. साडेपाचला तिने बंद करायला हात पुढे केला, आणि मी गियर टाकला. सहाला माझी पहिली खेप होती. फाटकाशी ती म्हणाली, "तो डावीकडे वळायचा." कोठार उजवीकडे आहे. मी डावीकडे वळले.