बोटीवर वर झालेला हात अर्जदाराचा नव्हता, याबाबत

प्रति,
मा. जलक्रीडा परवाना अधिकारी,
बंदर कार्यालय, दुसरा मजला, खिडकी क्र. ४

विषय : स्कूबा डायव्हिंगच्या दुकानाने ग्राहक क्रमांक ७ सुखरूप परतल्याची केलेली चुकीची नोंद दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ३ फेब्रुवारीचा तक्रार अर्ज
२) निळ्या पाटीच्या दुकानाचा दि. १७ फेब्रुवारीचा लेखी खुलासा
३) प्रकरण नस्तीबद्ध केल्याचे आपल्या कार्यालयाचे दि. २ मार्चचे पत्र

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की :

१. अर्जदार छापखान्यात बाइंडर असून एकतीस वर्षे पुस्तके शिवत आहे. त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीचे पहिले पेर उमेदवारीच्या काळात कटिंग मशीनखाली गेलेले आहे. ही बाब आपणांस किरकोळ वाटेल, परंतु ती पुढे लागणार असल्याने आधीच नमूद केली आहे.

२. दि. २९ जानेवारी रोजी अर्जदार पत्नीसह धक्क्यावरील निळ्या पाटीच्या दुकानात गेला. समुद्राखाली जाण्याची हौस सर्वस्वी अर्जदाराची. माशांच्या रंगीत पुस्तकांना पुठ्ठे चढवताना ती त्याला लागली होती. पत्नीला बादलीभर पाण्याचेही फारसे प्रेम नाही. तरीही “तुम्ही एकटे कुठं खाली जाणार?” एवढे म्हणून ती निघाली. दुकानाने अर्जदारास क्र. ७ व पत्नीस क्र. ८ दिला, दोन दिवस तलावात शिकवले आणि दोघांना एकमेकांचे जोडीदार ठरवले. पाण्याखाली जोडीदाराचा हात सोडायचा नाही, हा पहिला नियम, असे ज्यांना सगळे मास्तर म्हणतात त्या प्रशिक्षकांनी तीनदा बजावले होते.

३. सदर दुकानात ग्राहक मोजण्याची एक खास पद्धत आहे. सगळे वर आले की प्रत्येक जोडीने एकमेकांचा हात धरून उंच करायचा. मास्तर बोटीच्या मागच्या टोकाला उभे राहून हात मोजतात, वहीत खुणा करतात आणि इंजिन सुरू होते. वारा बोचरा असल्याने डोक्यावरची रबरी टोपी व हातमोजे कोणी काढत नाही. सगळ्यांचे पोशाख काळे. मास्तरांना चेहरे ठाऊक नसतात, हातांची संख्या तेवढी ठाऊक असते. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ३१ जानेवारीला, बारा जण समुद्रात गेले होते आणि बारा हात वर झाले. गणित चोख होते. फक्त अर्जदार त्यात नव्हता.

४. तो समुद्रात होता. त्याच्या जागी पुलाजवळच्या दुसऱ्या दुकानाचे एक गृहस्थ चुकून या बोटीत चढले होते. दोन्ही बोटी पांढऱ्या, दोन्हींवर निळा पट्टा, आणि त्या दिवशी दोन्ही एकाच खडकापाशी उभ्या होत्या. पत्नीला बोट लागून मळमळत होते. ती डोळे मिटून, मान गुडघ्यांत घालून बसली होती. मास्तरांनी “जोड्या, हात वर!” अशी आरोळी ठोकताच तिने शेजारचा हात पकडला आणि वर केला. त्या गृहस्थांनी अर्जदारास नंतर सांगितले, “मला वाटलं, या दुकानात अशीच पद्धत असेल. ताईंना बरं नव्हतं, मग हात सोडवून घेणं बरं दिसेना.” ते अत्यंत सज्जन आहेत. अर्धा तास पत्नी त्यांच्या खांद्यावर डोके टेकून आली आणि ते भिडेपोटी हूं की चूं न करता बसून राहिले.

५. धक्क्यावर त्या गृहस्थांनी टोपी काढली. पत्नीने तोंडाकडे पाहिले आणि ती किंचाळली. गृहस्थ “माफ करा, माफ करा” म्हणत आपल्या दुकानाकडे पळाले. पत्नी काउंटरवर धावली. तेथील बाईंनी वही उघडून दाखवली : क्र. ७, परत. पत्नीने सांगितले की तो माणूस दुसरा होता. त्यावर बाई म्हणाल्या, “अहो, पण हात तर तुम्हीच वर केलात ना?” मग पुरुषांच्या स्वच्छतागृहात, कपडे बदलण्याच्या खोलीत आणि समोरच्या चहाच्या टपरीवर अर्जदाराचा शोध घेण्यात आला. “साहेब असतील इथंच, पाय मोकळे करायला गेले असतील,” असा धीरही पत्नीला देण्यात आला. या सेवेत एक तास दहा मिनिटे गेली. या वेळात अर्जदार पाण्यावर तरंगणाऱ्या एका बोयाला कवटाळून होता व थंडीने त्याची दातखीळ बसली होती. त्याला जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांनी वर ओढले. त्यांच्याकडे वही नव्हती.

६. त्याच सायंकाळी अर्जदाराच्या मोबाइलवर दुकानाचा संदेश आला : “आजचा अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या.” अर्जदाराने एकही तारा दिला नाही, तेव्हा दुसरा संदेश आला की उत्तर अपूर्ण असल्याने स्वीकारता येत नाही. चौकशीसाठी तो पुलाजवळच्या दुकानात गेला, तर तेथील मालकांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि त्यांचा ग्राहक सुखरूप आणून पोचवल्याबद्दल निळ्या पाटीच्या दुकानाला पाठवलेल्या आभारपत्राची प्रत दाखवली. गावातल्या तिसऱ्या दुकानाने तर, अर्जदार आमचा ग्राहकच नाही, असे दार उघडण्याआधीच सांगितले.

७. आपल्या कार्यालयातील खिडकी क्र. ४ वरील लिपिकांनी अर्जदारास नोंद वाचून दाखवली व “नोंदीप्रमाणे तुम्ही परत आलेले आहात,” असे समजावले. त्यांनी न परतल्याचा पुरावा मागितला; तो देणे अर्जदारास शक्य नव्हते, कारण तो त्यांच्या समोरच उभा होता.

८. इथवरचे सर्व अर्जदाराने गिळले असते. परंतु संदर्भ क्र. २ च्या खुलाशात दुकानाने पुढील वाक्य लिहिले आहे : “ग्राहक क्र. ७ ची ओळख त्यांच्या पत्नीने स्वतः हात धरून पटवली असल्याने दुकानाकडे दोष येत नाही.” हा खुलासा टपालाने घरी आला व तो पत्नीने फोडला. त्या दिवसापासून अर्जदाराच्या घरात जे चालले आहे ते कोणत्याही नमुन्यातील अर्जात बसणारे नाही. अर्जदाराची थोरली बहीण येऊन म्हणाली, “सव्वीस वर्षं संसार केलास गं, निदान अर्धं बोट तरी चाचपायचं!” पत्नी आता सकाळी चहाचा कप देण्याआधी अर्जदाराचा डावा हात हातात घेते, अर्ध्या बोटावर अंगठा फिरवते आणि मगच कप पुढे करते. दिवसातून चार-पाच वेळा असे होते. परवा भाजीवाल्याकडून सुटे घेताना तिने हात मागे ओढला व नाणी रस्त्यावर सांडली. अर्जदाराला हे पाहवत नाही.

९. त्यातच दुकानाने हात वर करण्याच्या क्षणाचा फोटो मोठा करून काउंटरमागे लावला आहे आणि पत्रकांवरही छापला आहे. फोटोत पत्नीने, डोळे मिटून, एका परक्या माणसाचा पाचही बोटे भरलेला हात उंच धरला आहे. खाली मजकूर : “आमच्याकडे कुणाचा हात सुटत नाही.” छपाईची ऑर्डर अर्जदाराच्याच छापखान्याकडे आली. दोन हजार पत्रकांच्या घड्या अर्जदाराने स्वतः घातल्या.

१०. त्या घड्या घालताना अर्जदाराच्या जे लक्षात आले, ते लिहिण्यासाठीच खरे तर हा अर्ज आहे. वरील नऊ परिच्छेद त्याने धीर गोळा होईपर्यंत लिहिले, याबद्दल क्षमा असावी.

संदर्भ क्र. १ च्या अर्जात ‘जोडीदारापासून विलग होण्याचे कारण’ या रकान्यात अर्जदाराने ‘प्रवाह’ असे लिहिले आहे. त्या दिवशी प्रवाह नव्हता. खाली गेल्यावर सुमारे दहा मिनिटांनी पत्नीने अर्जदाराचा हात दोनदा दाबला आणि अंगठा वर केला. त्याचा अर्थ, मला बरे वाटत नाही, वर जाऊ. त्याच वेळी खडकाच्या कपारीतून एक कासव निघाले. अर्जदाराने पत्नीला नांगराचा दोर बोटाने दाखवला, तू हो पुढे, अशी खूण केली आणि तिच्या बोटांतून आपला हात सोडवून घेतला. तिने तो लगेच सोडला नव्हता. त्याला दोनदा ओढावे लागले. कासव फार तर दोन मिनिटे दिसले. वर आल्यावर बोट नव्हती.

पत्नी हे जाणते. कार्यालयात, घरी वा बहिणीसमोर तिने आजवर हे कोणाला सांगितलेले नाही, आणि अर्जदारानेही तिला सांगू दिलेले नाही, कारण तिने विषय काढण्याआधीच तो उठून जातो. बोटीवर तिने हात चुकीचा धरला खरा, पण धरला. ज्याचा धरायचा तो तेथे नव्हता, यात तिचा काय दोष?

११. सबब विनंती की,

(अ) दुकानाच्या खुलाशातील पत्नीविषयीचे वाक्य वगळण्यात यावे;
(आ) सदर फोटो व पत्रके मागे घेण्याचे आदेश व्हावेत, आणि यापुढे टोप्या काढून, तोंड पाहून, नावानिशी मोजणी करण्याची सक्ती व्हावी;
(इ) संदर्भ क्र. १ मधील ‘प्रवाह’ हा शब्द खोडून त्या जागी ‘हात अर्जदाराने सोडला’ असे लिहून घेण्यात यावे. खोट्या निवेदनाबद्दल जी कारवाई होईल ती अर्जदारास मान्य आहे.

१२. या अर्जाची एक प्रत आपल्या कार्यालयाच्या शिक्क्यासह टपालाने ग्राहक क्र. ८ यांच्या नावे पाठवावी, ही शेवटची विनंती. अर्जदार व त्या एकाच घरात राहतात, तेव्हा टपालाची गरज काय, असे लिपिक विचारतील. अर्जदाराने तोंडाने सांगण्याचा प्रयत्न तीनदा केला आहे. प्रत्येक वेळी ती चहाचा कप बाजूला ठेवते, त्याचा हात हातात घेते, अर्धे बोट चाचपते, आणि तो ठरवलेले न सांगताच चहा संपवून छापखान्याची वाट धरतो.

कळावे,
आपला नम्र आणि नोंदीप्रमाणे केव्हाच परतलेला,
(सही)
ग्राहक क्र. ७
दि. ११ मार्च

सोबत : १) दुकानाचे पत्रक, घडी घातलेले, एक
२) अर्जदाराच्या डाव्या पंजाचा ठसा, बोटांच्या लांबीसह

प्रत माहितीस्तव व क्षमेस्तव : ग्राहक क्र. ८, अर्जदाराच्याच पत्त्यावर