एकेचाळीस पुस्तकांचे कापलेले समास

दिनांक ९ फेब्रुवारी २०१९, शनिवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या मुलाने माझ्या एकाहत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून एक खोका माझ्यापुढे ठेवला. खोक्यात माझीच एकेचाळीस पुस्तके होती. हिरव्या कापडाची नवी बांधणी, कण्यावर सोनेरी अक्षरे, आणि तिन्ही बाजूंनी पात्याखाली घालून एका रेषेत कापलेली पाने. पात्याखाली काय गेले हे त्याला ठाऊक नव्हते, एवढे मी मान्य करते. हे मृत्युपत्र मात्र त्या मिनिटापासून सुरू होते.

मी, खाली सही करणारी, निवृत्त टंकलेखिका, एका वकिलांच्या कचेरीत एकतीस वर्षे इतरांची मृत्युपत्रे टंकत बसले. "पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय" हे शब्द मी निदान नऊशे वेळा उमटवले असतील, आणि त्यातले निम्मे खोटे होते. माझ्या बाबतीत ते खरे आहेत. डोके जागेवर आहे, रक्तदाब तेवढा चढलेला आहे, आणि माझ्यावर दडपण आणण्याची या घरात कोणाची छाती नाही.

मसुदा वाचून तेच वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात असले चिमटे काढत नाहीत."

मी म्हटले, "तुमच्या मातोश्रींचे मीच टंकले होते. त्यात तुमच्या तीन मोटारींवर दीड पान होते."

ते म्हणाले, "चालू द्या."

कलम १. राहते घर मुलाला आणि सुनेला निम्मे निम्मे. स्वयंपाकघरातली खिडकीजवळची बाकाची जागा कोणीही मोडून तिथे कपाट करायचे नाही. त्या बाकावर बसून आम्ही नवराबायकोने एकोणचाळीस वर्षे वाचले. भिंतीवर डोके टेकल्याचे दोन डाग आहेत, एक उंच आणि एक ठेंगणा. ते रंगवायचे नाहीत.

कलम २. बँकेत जे असेल त्याचीही तशीच वाटणी. याबद्दल मला बोलण्यासारखे काही नाही.

कलम ३. पुस्तके. इथे वकिलांनी घड्याळ पाहिले तरी मी थांबणार नाही.

ही सगळी पुस्तके खाण्याबद्दलची आहेत. पाककृतींची नव्हेत. "मीठ चवीनुसार" लिहून हात झटकणाऱ्या लेखकांना माझ्या कपाटात जागा नाही. मला हवा असतो तो शेजारी बसून जेवल्यासारखा लिहिणारा माणूस. हा नाद मला कॉन्व्हेंटने लावला, हे ऐकून तिथल्या सिस्टर थडग्यात कूस बदलतील. वसतिगृहात जेवताना बोलायची बंदी असे. पुढ्यात पातळ सूप आणि कालचा पाव, आणि एक मुलगी उभी राहून संतांची चरित्रे वाचायची. माझी पाळी आली तेव्हा एका संताच्या उपासाचे प्रकरण निघाले. त्याने काय काय खायचे नाकारले याची यादी सव्वा पान होती: लोण्यात परतलेले मासे, मधात बुडवलेली अंजिरे, ताज्या पावाचे कडक कवच. मी सावकाश वाचले. दीडशे मुलींचे चमचे थांबले. सर्वांत कडक सिस्टर टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. आता कान उपटणार म्हणून मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "तेवढा परिच्छेद पुन्हा वाच." त्या दिवसापासून मी आस्तिक आहे.

माझ्या लेखकांना मी त्यांच्या नावाने कधी हाक मारली नाही, नातलगांना कोण मारते. बोर्डिंगवाली आहे, जी आपल्या भाडेकरूंना त्यांच्या अंडी फोडण्यावरून ओळखते आणि भाडे मागायची वेळ त्यावरून ठरवते. न्यायाधीश आहे, ज्याने जन्मात चूल पेटवली नाही आणि तरी तीनशे पाने फक्त सूप कसे चुकते यावर लिहिली. आणि आम्हा दोघांचा लाडका म्हणजे जहाजावरचा आचारी. मालवाहू जहाजांवर उभे आयुष्य काढून त्याने तीन पुस्तके लिहिली. वादळात कांदा परतायचा कसा हे तो सांगतो तेव्हा वाचणाऱ्याचा बाक हलतो.

आमचे हे घड्याळे दुरुस्त करायचे. अक्षर मुंगीएवढे, पेन्सिल सुईसारखी टोकदार. आमचा नियम असा: जो आधी वाचेल त्याने बाहेरच्या समासात लिहायचे, मागून येणाऱ्याने पानाच्या तळाशी उत्तर द्यायचे. आचाऱ्याने लिहिले की कांद्याला पाऊण तास द्या. यांनी समासात लिहिले, "पाऊण तासात जहाज किनाऱ्याला लागेल." मी तळाशी लिहिले, "तुमचे घड्याळ पुढे आहे." तोंडाने आम्ही क्वचितच भांडलो. सगळे भांडण पुस्तकात. मुलाच्या शाळेचा निकाल, माझ्या थायरॉइडचा रिपोर्ट, यांनी न विचारता घेतलेली शिडी, सगळे मटार आणि मोहरीच्या मधे कुठेतरी सापडेल.

आणि हो, मी स्वयंपाक वाईट करते. डोळे पुस्तकात आणि भांडे विस्तवावर असले की दुसरे काय होणार. या घरात मेजवान्या वाचल्या गेल्या आणि करपलेले खाल्ले गेले.

आचाऱ्याचे तिसरे पुस्तक यांनी हॉस्पिटलच्या खाटेवर संपवले. मी मागे होते. त्यांच्या माघारी मी ठरवले की घाई करायची नाही. दर रविवारी एक पान. एक पान, त्यांची टीप, माझे उत्तर. अशी चार वर्षे मी त्यांच्याशी बोलत आले. दोनशे बाराव्या पानावर होते. पुढे एकोणीस पाने उरली होती, एकोणीस रविवार.

मुलाने भिंतीला रंग देण्याच्या बहाण्याने सोमवारी कपाट रिकामे केले. उशाशी ठेवलेले आचाऱ्याचे पुस्तकही उचलले. मी विचारले तर म्हणे, "आई, शनिवारपर्यंत दम धर, गंमत आहे." गंमत अशी की समासातल्या टिपांपैकी डाव्या पानांवरच्या ओळींची डोकी उडाली आणि उजव्या पानांवरच्या ओळींची शेपटे.

कलम ४. बाइंडर. वाढदिवसानंतरच्या सोमवारी, दुकान उघडताच मी तिथे उभी होते. तो म्हणाला, "मावशी, कडा फार खराब होत्या. कोणीतरी पेन्सिलीने घाण करून ठेवली होती. मी साफ करून दिल्या."

मी म्हटले, "ती घाण माझा नवरा होता."

तो बिचारा खुर्चीवरच बसला. मग उठून मागे गेला आणि दोन पोती ओढत आणली. कात्रणे अंडीवाल्याकडे जायची होती, टोपल्यांत भरायला. पोती त्याने स्वतःच्या खांद्यावर आमच्या दुसऱ्या मजल्यावर चढवली आणि पाणीसुद्धा न पिता गेला. त्याला मी बोर्डिंगवालीचे पुस्तक देते. अट एकच, ते त्याने वाचायचे. बावीस वर्षे पुस्तके शिवणाऱ्या माणसाने एकही आतून पाहिलेले नाही, हे मला बघवत नाही.

कलम ५. हत्यारे. यांचे चिमटे, डोळ्यावर लावायचे भिंग आणि टेबलावरचा वाकता दिवा माझ्या सुनेला. कारण लिहून ठेवते. पोती आली त्या दिवशी तिने दवाखान्यातून रजा घेतली. ती परिचारिका आहे, रजा मिळवणे काय असते ते तिलाच ठाऊक. चादर अंथरून, डोळ्याला भिंग लावून, चार दिवस ती माझ्याबरोबर जमिनीवर बसली. कागदाच्या बोटभर पट्ट्या, त्यांवर मुंगीची अर्धी ओळ.

"आई, 'मिरी नको' हे कुठे बसतं?"

"दोनशे सोळा, अनुक्रमणिकेत मिरी तिथेच आहे. मिरीवर त्यांचा राग होता."

"आणि हे, 'बाई हट्टी आहे'?"

"ते कुठेही बसेल. बाजूला ठेव."

तिच्या लग्नाला चौदा वर्षे झाली. इतकी वर्षे मी तिला फार पुस्तकी, आणि ती मला फार तिखट समजत होती. चार दिवसांत आम्ही दोघींनी एकोणीसपैकी अठरा पानांच्या पट्ट्या जुळवल्या. जागा सापडली की मी डोळे मिटून बसायचे आणि ती फक्त चिकटवायची. जुळलेली टीप सलग वाचायची नाही, असे मी बजावले होते. तिने वाचले नाही. असा विश्वास ज्या माणसावर टाकता येतो त्यालाच पुस्तके द्यावीत, म्हणून एकेचाळीसमधली बोर्डिंगवाली वजा जाता सर्व पुस्तके तिला. अपवाद एक, तो खाली ता. क. मध्ये आहे.

कलम ६. नणंद. अकरा वर्षांपूर्वी तिने न्यायाधीशाचे सूपवाले पुस्तक वाचायला नेले. दर भेटीत मी आठवण काढली आणि दर भेटीत ती म्हणाली, "वहिनी, तूच परत नेलंस, विसरलीस." ते तिच्या पलंगाखालच्या पेटीत आहे, हे मला पक्के माहीत आहे. आता त्यातला विनोद असा की आमच्या बेचाळीस पुस्तकांपैकी समासासकट शाबूत राहिलेले तेवढे एकच. माझे सभ्य घर सगळे गमावून बसले आणि नणंदेच्या पेटीने राखले. तेव्हा तिच्याकडे जे आहेच ते मी तिला रीतसर देते, म्हणजे तिला ते उघड्यावर वाचता येईल. पान ८८ वर तिच्या स्वयंपाकाबद्दल तिच्या भावाचे मत आहे. माझे नाही, त्यांचे.

कलम ७. वकिलांना काहीही नाही. ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही मिळत नसते, हे त्यांनीच मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवले.

साक्षीदार पहिले: वकील, ज्यांनी वाचून सही केली आणि एकदा हसले.
साक्षीदार दुसऱ्या: खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर, ज्यांनी न वाचता सही केली.
सही: टंकलेखिका, निवृत्त. सही शाईची आहे.
स्थळ: स्वयंपाकघर, खिडकीजवळचा बाक.
दिनांक: १८ फेब्रुवारी २०१९, सोमवार, दुपारी चार.

ता. क. माझ्या मुलास.

नऊ दिवस झाले, तू घरात पाय ठेवलेला नाहीस. फोनवर नुसती हात जोडलेली चित्रे येतात. बायकोकडे निरोप दिलास, "आई मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते." उभा राहा. पूल बांधणारा इंजिनिअर तू, तुला उभे राहायला येते. तू जेवतोसही उभ्यानेच, एका हातात फोन धरून.

एक पट्टी मिळालेली नाही. पान २३१, पुस्तकाचे शेवटचे. आचारी त्यात जहाज सोडून घरी येतो आणि पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचे जेवतो. त्याशेजारी तुझ्या बाबांची शेवटची टीप होती. ते पान मी रविवारांची वाट न बघता उघडले. चार ओळी आहेत, चारही शेपटाशिवाय. शेवटची अशी: "हे वाचताना सारखी आठवते ती तुझी जळकी". पुढे पाते.

आता जळके मी इतके केले आहे की माझ्याच्याने ठरत नाही. भाकरी, पोळी, खिचडी, खीर, एकदा तर नुसती पेज. त्यांनी तक्रार केली नाही, त्यामुळे त्यांना कोणते आवडले होते हे मला कधी कळले नाही. पण ते सगळे खाल्लेला या जगात आणखी एकच माणूस आहे. तू त्यांच्या समोर बसायचास. त्यांनी कशाच्या वेळी ताट पुसून खाल्ले, ते तू पाहिले असशील.

आचाऱ्याचे तिसरे पुस्तक बाकावर ठेवले आहे. ते तुझ्या नावे करायचे की तुझ्या बायकोच्या, हे अजून कोरे सोडले आहे. येऊन बस. आधी शेवटचे प्रकरण वाच, अकरा पाने आहेत, मरणार नाहीस. मग उरलेल्या समासात, जेवढा तू शिल्लक ठेवला आहेस तेवढ्यात, ती ओळ पुरी कर. शिसपेन्सिल वापरायची, शाईतले उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. फोनवरचे तर नाहीच. मुदत गुरुवार, २८ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजेपर्यंत. तळाची जागा मी माझ्या उत्तरासाठी मोकळी ठेवली आहे.