हाड मधोमध मोडलं होतं

राजुरा,
१२ नोव्हेंबर २००६

लटारूभाऊले गोकुळाचा नमस्कार.

मी मामाकडे बरी आहो. तुझं पत्र भेटलं. 'लोकं हासून राह्यले, नवऱ्याच्या घरी जाय' असं लिहिलंस. माह्या हाताबद्दल एक अक्षर नाई.

तर हाताचंच सांगते. सूज उतरेच ना. 'तलावाच्या पाळीवरून घसरली, लचक असन,' असं तूच कंपाउंडरले सांगितलं होतं. मीही मान हालवली. पंधरा दिवस हळद लावत बसली. शेवटी मामीनं इथल्या दवाखान्यात नेलं.

मले पाचवा महिना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक्स-रे राहू दे, आधी यानंच बघू." पोटातलं बाळ पाह्याचं सोनोग्राफीचं मशीन त्यांनी माह्या डाव्या हातावर फिरवलं. पडद्यावर पांढरी रेघ आली.

"ही हाडाची कड. सलग पाहिजे. इथे बघ, पायरी पडली आहे. कशी पडलीस?"

"पाळीवरून."

"पडताना माणूस तळहात टेकतो, मग बहुतेक मनगटाशी मोडतं. तुझं करंगळीकडचं हाड मधोमध मोडलंय. डोकं वाचवायला हात वर केला होतास का?"

मामी बाहेर गेली, दार ओढून घेतलं. मग मी बोलली. माह्या नवऱ्यानं, दिनेशनं, डोंग्याचं वल्हं उगारलं होतं. 'मले न विचारता मासे विकाले काऊन गेली?' म्हणून.

भाऊ, तू तवा ओसरीतच जेवून राह्यला होता. मी ओरडली, ते तुले ऐकू आलं. तू उठला, हात धुतला, अन् म्हणाला, "जाऊ द्या भाऊजी, आता बस झालं."

किती मारलं म्हणजे बस होते रे? एक हाड पुरते का दोन लागतात? अन् मले म्हणाला, "चूप राह्य, दवाखान्यात मी बोलतो." बोललाच तू! तुले दिसलं नव्हतं असं नाई. तू पाहून खोटं बोलला.

प्लास्टर घातलं आहे. बाळ चांगलं आहे.

काल मी ठाण्यात लिहून दिलं. "पाहणारं कोणी होतं?" असं त्यांनी विचारलं, तवा तुझं नाव सांगितलं. मामा म्हणाले, "सख्ख्या भावाले काऊन ओढते?" मी म्हटलं, "तो तिथीच होता."

तुले बोलावणं येईन. मले उत्तर धाडू नको. जे सांगाचं ते त्याईले सांग.

तुझी म्हणू का नको, ते अजून ठरवलं नाई.

गोकुळा