निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांची वाटणी

मी, लक्ष्मीबाई आप्पासाहेब औताडे, वय एकाहत्तर, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार बजाजनगर, वाळूज, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेबांनी सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलगा ऋतुराज याने आणून पाहिला होता, त्याचे पुढे काय झाले ते त्यालाच विचारावे.

कलम १. मला दोन अपत्ये. थोरला ऋतुराज इथल्याच कारखान्यात सुपरवायझर असून माझ्याजवळ राहतो. धाकटी तनुजा हिने मंदार या ब्राह्मणाच्या मुलाशी लग्न केले व ती औरंगपुऱ्यात राहते. त्या दिवसापासून ऋतुराज बहिणीशी बोलत नाही. भाऊबीजेला ती ताट करून बसते आणि हा गाडी धूत बसतो. मी हे मृत्युपत्र घरादारासाठी कमी आणि या एका गोष्टीसाठी जास्त लिहीत आहे.

कलम २. बजाजनगरचे राहते घर आमचे हे गेल्यापासून माझ्या नावावर आहे, ते दोघांना समसमान मिळावे. शिलाई मशीन सून रूपा हिला द्यावे. पितळी घंगाळ माझी जाऊ साळूबाई हिला द्यावे. ते आपल्या माहेरचे आहे असे ती लग्नापासून सगळ्यांना सांगत आली आहे. आता ते खरेच तिचे होईल आणि म्हातारपणी खोटे बोलायचा त्रास वाचेल.

कलम ३. आता कोंबड्या. "कोंबड्यांसाठी वेगळं कलम कशाला?" असे वकीलसाहेब म्हणाले. त्यांच्यासमोर एक हिरवे अंडे ठेवले, तेव्हा चष्मा लावून म्हणाले, "लिहा."

लग्नानंतर मंदार पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा आमच्या ह्यांनी त्याला आत घेतले नाही. जन्मात अंडे न खाल्लेला तो मुलगा, पण मला कोंबड्यांचा नाद आहे हे तनुजाने त्याला सांगितलेले. त्याने बाहेर उभे राहूनच मोबाइल पुढे केला. "आई, या तीन जाती निळी अंडी देतात. यातली कोणती आणू?"

सोयरिकीला स्थळे पाहावीत तशी मी ती पाहिली. पहिली अरौकाना, तिला शेपटीच नव्हती. शिवाय तिची काही पिल्ले कवचातच मरतात असे मंदारच म्हणाला. दुसरी अमेरौकाना, तिला दोन्ही गालांवर दाढी. आपल्या मे महिन्यात ती दाढी घेऊन बिचारीने जायचे कुठे? तिसरी क्रीम लेगबार, डोक्यावर तुरा, अंगाने हलकी, उन्हाला टिकेल अशी. खोट एकच, अंड्यांवर बसायचा तिला कंटाळा. ते काम माझ्या गावरान कोंबड्यांना सांगता येत होते. मी म्हटले, "तुरेवाली आण."

तो टोपलीभर पिल्ले घेऊन आला. आमचे हे म्हणाले, "पिल्लं आत घे. त्याला चहा बाहेर दे." मी पिल्ले बाहेर ठेवली आणि चहा आत दिला.

पुढचा घोळ मात्र ह्यांनीच घातला. पिल्ले वाढली, त्यांतला एक झकास कोंबडा निघाला, तर हे म्हणतात, "भावाबहिणीचं लगीन लावायचं व्हय? एक कूळ, एक देवक! आपल्यात चालत नाय." कोंबड्यांचे देवक पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुरेवाला कोंबडा त्यांनी मंदारकडे परत धाडला आणि साळूबाईच्या गावाहून गावरान कोंबडा जावई म्हणून आणला. निळी अंडी देणाऱ्या तुरेवाल्यांच्या लेकींनी हिरवी अंडी घातली. नातींपैकी काहींनी चक्क चहाच्या रंगाची घातली. अंड्याचा रंग लेकीला आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, हे ह्यांना कोण सांगणार?

ऋतुराजच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. "बघ आई, मिसळलं की रंग बिघडतो. तनुजाचं बी तसंच झालंय."

पुढच्या उन्हाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. तुरेवाल्या एकजात गेल्या, मिसळीच्या टिकल्या. तेव्हा मी ऋतुराजच्या ताटात हिरव्या अंड्याचे आम्लेट वाढले आणि विचारले, "कुठं दिसतोय का रे बिघडलेला रंग?" निम्मे आम्लेट संपवून साहेब म्हणाले, "मीठ कमी हाय."

आता निळा रंग परत हवा असेल तर तुरेवाला कोंबडाच लागेल. तो एकटा वाचला, कारण तो औरंगपुऱ्यात मंदारच्या गच्चीवर होता. अजूनही आहे. वरणभात खातो आणि मंदारच्या आईच्या मागे मागे फिरतो. नात्याने तो माझ्या कोंबड्यांचा मामा लागतो. चालते, हे मी ठरवले आहे.

म्हणून वाटणी अशी. खुराड्यासह सर्व कोंबड्या ऋतुराजला. कोंबडा तनुजाला. एकट्याच्या वाट्यातून कोणालाही निळे अंडे मिळणार नाही, त्याची मी नीट काळजी घेतली आहे.

दर हिवाळ्यात ऋतुराजने स्वतः औरंगपुऱ्याला जावे आणि बहिणीकडे कोंबडा मागावा. "मागावा" हा शब्द वकीलसाहेबांनी खोडला होता, मी पुन्हा लिहिला आहे. कारखान्यातला माणूस पाठवू नये. तिच्या घरी पाणी प्यावे, चहा घ्यावा, आणि मीठ कमी असले तरी पोहे संपवावेत. गावाकडे कोंबडी अर्धलीने देतात तशी निम्मी पिल्ले बहिणीला पोचवावीत, तीही स्वतः.

तनुजा, तो आला की त्याला दारात उभे ठेवू नकोस. मंदारला आपल्या दारात उभे राहावे लागले ते मला आजही सलते. त्याचे उट्टे भावावर काढू नकोस.

कोणीही कोंबडा अगर कोंबडी विकली किंवा शिजवली, तर त्याचा घरातला वाटा साळूबाईला जाईल. हे तिला कळू देऊ नये. नाहीतर ती घरचा मसाला घेऊन स्वतःच येईल.

कलम ४. शेजारी रामकिसन यांना आमच्या गावरान कोंबड्याच्या आरवण्याचा त्रास होत असे व तसे ते नगरसेवकापर्यंत सांगून आले, तेव्हा तो साळूबाईच्या गावी परत धाडला. म्हणून त्यांनाच साक्षीदार केले आहे. कोंबडा हिवाळ्यात इथे आला की नाही, हे त्यांच्याइतके पक्के दुसरे कोणी सांगणार नाही.

कलम ५. माझ्या दहाव्याला कावळा लवकर शिवणार नाही. आधीच सांगून ठेवते. लोक म्हणतील, म्हातारीचा जीव कोंबड्यांत अडकला. कोणी म्हणेल, घरात अडकला. भटजींना पुढे दुसरीकडे जायचे असेल, ते दर्भाचा कावळा करून मोकळे होऊ पाहतील. होऊ देऊ नका.

ऋतुराज, तनुजा तिथेच कुठेतरी बायकांच्या मागे उभी असेल. तिला हाक मार. मनातल्या मनात नाही, चारचौघांत, मोठ्याने. लहानपणी "तने" म्हणून ओरडायचास, तसे ओरडलास तरी चालेल. ती येऊन तुझ्याशेजारी उभी राहिली की बघ, कावळा येतो की नाही.

घर तुमचे, कोंबड्या तुमच्या. ती हाक तेवढी माझी आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, पटले, आणि साक्षीदारांसमक्ष सही केली.

लक्ष्मीबाई आप्पासाहेब औताडे

साक्षीदार:
१. रामकिसन (शेजारी. सही केली, पण आरवण्याबाबत तक्रार कायम आहे.)
२. करुणा (अंगणवाडीतील सहकारी. सही करताना रडली, म्हणून शाई थोडी फुटली आहे. सही तिचीच आहे.)

ठिकाण: बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १२ जानेवारी २०२६