पटकथेतली सही

पार्से, माहेरी. गुरुवार, संध्याकाळ.

दीडशे वर्षांपूर्वीची ती इंग्रजी कादंबरी. पडद्यावर कितीदा आली कोण जाणे. आता पुन्हा येणार, या वेळी गोव्यातल्या डिचोलीत घडणार, आणि पटकथा माझ्या गळ्यात. बाप मरतो, घर पुतण्याला जातं, दोघी मुली रस्त्यावर येतात. सगळी गोष्ट या प्रसंगावर उभी.

आज तो आईला वाचून दाखवला. ती हसलीच. "अगो, गोव्यात चेडवांची सही घेतल्याशिवाय घर कसां जातलां?"

खरंच की! इथे पोर्तुगीज काळापासून कायद्यानेच मुलींचा वाटा असतो. तीन महिने लिहितेय आणि हे मला सुचू नये? दिग्दर्शकांना फोन केला. म्हणाले, "मग घर जाण्याचं दुसरं कारण शोधा. प्रेक्षकांना पटेल असं."

शोधत बसले. आग, फसवणूक, खोटं मृत्युपत्र. सगळं नाटकी. चिडून कागदावर रेघोट्या मारताना हातातल्या पेनाकडे लक्ष गेलं. दादाचं पेन. गेल्या भाऊबीजेनंतर मी आणि नवऱ्याने (इथे त्याचीही सही लागते) नोटरीसमोर या घरावरचा हक्क सोडला, तो याच पेनाने. जबरदस्ती कुणी केली नव्हती. "माहेर तुटूक नको," एवढंच आई म्हणाली होती. सही झाल्यावर दादा हसून म्हणाला, "पेन ठेव गो तुलाच."

प्रसंग लिहून झाला. पुतण्या काढून टाकला, सख्खा भाऊ पुरतो. पेन आई पुढे करते.

प्रेक्षकांना पटेल. आईला हा वाचून दाखवणार नाही.